घरातल्या धुराची वाट: चूल, बंब आणि किचनची चिमणी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहतो. किचनच्या चिमण्या बसवणं, दुरुस्त करणं आणि गावाकडच्या घरांत चुलीचं धुराडं उभं करणं हे माझं रोजचं काम. कधी वाई-जावळीला, कधी कोरेगाव-कराडला, कधी खाली पलूस-तासगावपर्यंत जाणं होतं. घर कुठलंही असो, काम आटोपून चहा घेताना लोक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत.

चुलीचं धुराडं आणि किचनची चिमणी, दोन्ही एकच का?

काम एक, पद्धत वेगळी. धुराड्याला मोटर नसते, ते फक्त उष्णतेवर चालतं. किचनच्या चिमणीत पंखा असतो आणि तो हवा ओढून बाहेर टाकतो. दोघांनाही लागू असलेली एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घरात सांगतो: जेवढी हवा घराबाहेर जाईल, तेवढी कुठून तरी आत आलीच पाहिजे. दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या तर कितीही महागडी चिमणी धूर ओढणार नाही. खालच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर याच एका गोष्टीत आहे.

आमच्या चुलीचा धूर वर न जाता घरातच पसरतो. धुराडं तर नवीन आहे!

तापलेली हवा हलकी असते, म्हणून ती पाइपातून वर चढते आणि जाताना मागची हवा ओढून घेते. पाइप जितका उंच आणि आतून जितका गरम, तितकी ही ओढ जास्त. म्हणून सकाळी पहिल्यांदा चूल पेटवताना धूर हमखास घरात येतो, कारण रात्रभरात पाइप थंडगार पडलेला असतो. यावर सोपा उपाय आहे. पाइपाच्या तळाशी सफाईचं तोंड असतं, तिथे कागदाचा एक बोळा पेटवून मिनिटभर ठेवायचा. पाइप आतून कोमट झाला की ओढ सुरू होते, मग चूल पेटवायची.

तरीही धूर येत असेल तर मी या क्रमानं बघतो. आधी दार उघडून बघतो. दार उघडताच धूर वर जायला लागला, तर धुराडं चांगलं आहे, घराला हवा कमी पडते आहे. मग पाइप आतून तुंबलाय का ते पाहतो. मग छपरावर चढून पाइपाचं तोंड शेजारच्या भिंतीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला खाली दबलंय का ते पाहतो, कारण भिंतीवर आदळलेला वारा पाइपातून थेट खाली घुसतो. ठोसेघरच्या वरच्या बाजूला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या केल्या असतील, हे तिथे छपरावर उभं राहिलं की कळतं. तसल्या वाऱ्याच्या गावात टोपीशिवाय धुराडं चालतच नाही.

एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. नवीन घरात चूल मागच्या खोलीत असते आणि पुढच्या किचनमध्ये मोटरची चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन. तो पंखा लावला की घरातली हवा बाहेर फेकली जाते, ती भरून काढायला बाहेरची हवा चुलीच्या धुराड्यातून उलटी आत येते आणि येताना धूर घेऊन येते. पंखा चालू असताना मधलं दार लावा आणि चुलीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा.

पाइप किती उंच घ्यायचा?

घरच्या चुलीला ४ इंची पाइप बहुतेक वेळा पुरतो. उंचीचा ठोकताळा असा: छपरातून बाहेर आल्यावर निदान ३ फूट वर, आणि सभोवती १० फुटांच्या आत जी काही उंच गोष्ट असेल तिच्यापेक्षा २ फूट जास्त. पाइप शक्य तितका सरळ ठेवा. भिंतीतून आडवा काढून कोपऱ्यावर वळवलेला पाइप दिसायला नीट दिसतो, पण त्या वळणावरच काजळी बसते.

लोखंडी पाइप तापतो हे विसरू नका. लाकडी तुळई, वासे, कडब्याची गंज, गवताचं छप्पर यांपासून तो दीड फूट तरी लांब हवा. छपरातून जिथे बाहेर पडतो तिथे भोवती पत्र्याची मोठी कॉलर घालून मोकळी जागा सोडायची.

धुराड्याचे भाग कोणते? मिस्त्री काहीतरी बोलतात, आम्हाला कळत नाही.

खालून वर सांगतो. जळण घालायचं तोंड. त्याच्या आत जाळी, जिच्यावर जळण बसतं आणि खालून हवा लागते. पुढचा मोठा डोळा, म्हणजे भांडं ठेवायचं भोक, आणि मागचा छोटा वैल. वैलाच्या मागे भोक, जिथून धूर पाइपात शिरतो. पाइपाच्या पायथ्याशी झाकणाचं सफाईचं तोंड. मग पाइप, त्याचे सांधे, छपरातली कॉलर आणि सगळ्यात वर टोपी. यात मिस्त्री हमखास गाळतात ते सफाईचं तोंड. ते नसेल तर पडलेली काजळी वैलामागच्या भोकात साठते आणि वर्षभरात चूल बंद पडते. १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गावोगाव धुराड्याच्या चुली बसल्या. त्यातल्या कितीतरी पुढे नुसत्या झाडल्या गेल्या नाहीत म्हणून मोडल्या गेल्या. काम करून घेताना तेवढं एक तोंड मागून घ्या.

टोपीबद्दल एवढंच की ती पावसाप्रमाणे घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-खटाव किंवा जतकडे पाचशेच्या आसपास. घाटावरच्या घराला रुंद, खाली झुकलेली आणि न गंजणारी टोपी लागते. दुष्काळी भागात पावसापेक्षा वारा आणि पाखरं यांचा विचार करायचा.

आमचं धुराडं जुन्या सिमेंटच्या पाइपाचं आहे. चालेल का?

तो करडा, हलका पाइप ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता मोठी आहे. हात न लावता उभा असेल तोवर त्रास कमी, पण तो कापला, घासला किंवा फोडला की त्यातले अतिसूक्ष्म तंतू उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुढे कर्करोगाला कारण होतात. शिवाय जास्त आच लागली तर तो तडकतो. बदलायचा असेल तर पाणी मारून ओला करून, अख्खाच्या अख्खा उतरवा. ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका, आणि त्याचे तुकडे गोठ्यात भर म्हणून टाकू नका. नवा पाइप जाड पत्र्याचा घ्या.

कुठलं जळण चांगलं? पाचट, चिपाडं, शेणी, तुराट्या, सगळंच घरात आहे.

जे वाळलेलं आहे ते चांगलं. ओल्या लाकडाची बरीच आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, धूर थंड होतो आणि तो पाइपाच्या आत डांबरासारखा चिकटतो. हेच डांबर पुढे पेट घेतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर वाळलेल्या, दबका आला तर ओल्या. बाभळीचं लाकूड फोडून, उन्हाळाभर वाळवून मृगाच्या आधी आत घेण्याची आपल्याकडची जुनी सवय अगदी बरोबर आहे.

पाचट भडकन पेटतं आणि त्याची ठिणगी उडते, म्हणून पाचटावर चूल चालवायची तर टोपीला जाळी हवी. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या तासगावकडे ढिगानं मिळतात, पण त्यांच्यावर हंगामभर औषधं मारलेली असतात. त्यांच्यावर भाकरी भाजू नका.

आणि चूल पेटवायला खताच्या पोत्याचा तुकडा, ठिबकची तुटकी नळी किंवा जुनी चप्पल घालणं आजच बंद करा. तो धूर विषारी असतो आणि तो सगळ्यात आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो.

धुराडं किती वेळा झाडायचं आणि कसं?

रोज चूल पेटत असेल तर दर महिन्याला सफाईचं तोंड उघडून पायथ्याची काजळी काढा. अख्खा पाइप वर्षातून दोनदा झाडा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. मधल्या काळात बघायचं असेल तर आरसा आणि बॅटरी घेऊन पायथ्याकडून वर पाहा. आतला थर दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढा जाड झाला असेल तर वाट बघू नका.

चूल पूर्ण थंड हवी, म्हणजे आदल्या रात्रीपासून विझलेली. तोंडाला रुमाल नाही, मास्क लावा आणि डोळ्यांना चष्मा. चुलीचे दोन्ही डोळे ओल्या गोणपाटानं झाका. नारळाच्या काथ्याची पाइपाच्या मापाची पेंढी करून तिच्या दोन्ही बाजूंना दोर बांधा. एक जण छपरावर, एक जण खाली, आणि ती आरीसारखी वर-खाली ओढायची. वरच्या माणसानं सिमेंटच्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, फळी टाकून फळीवरच बसायचं. खाली पडलेल्या काजळीचा रंग बघा. भुरभुरीत, भुकटीसारखी काळी असेल तर तुमचं जळण चांगलं आहे. चकचकीत, पापुद्र्यासारखी किंवा चिकट असेल तर जळण ओलं आहे किंवा चुलीला हवा कमी मिळते.

काजळी जाळून पाइप साफ करतात, म्हणजे मुद्दाम मोठा जाळ करतात, ते करू नका. पाइपात आग लागली की घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि पाइप लालबुंद होतो. तसं झालंच तर आतलं जळण ओढून बाहेर काढा, चुलीवर राख किंवा वाळू टाका, तोंड बंद करून हवा तोडा, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. तापलेल्या पाइपात वरून पाणी ओतायचं नाही. पाइप फुटतो आणि उकळती वाफ अंगावर येते.

थंडीत बाथरूममध्ये बंब ठेवला तर काय होतं? पूर्वी सगळे ठेवायचेच की.

याचं उत्तर जरा मोठं देतो.

माझी आत्या जावळीत असते. काही वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी तिनं बंब नव्या बाथरूममध्ये घेतला. जुन्या न्हाणीला वर कौलं होती आणि भिंत छपराला टेकलेली नव्हती. नवी बाथरूम स्लॅबची, फरशी लावलेली, ॲल्युमिनियमच्या दाराची, आणि वरची खिडकी थंडी येते म्हणून पुठ्ठ्यानं झाकलेली. बंबात करवंट्या घातलेल्या. धूर संपून नुसता निखारा राहिला होता, म्हणून तिला वाटलं आता काही त्रास नाही. अंघोळ करता करता डोकं गरगरलं, पायातलं बळ गेलं आणि ती दारावर कोसळली. कडी नीट लागलेली नव्हती, म्हणून दार उघडलं गेलं. ती वाचली ती त्या कडीमुळे.

निखाऱ्याचा धूर दिसत नाही, पण हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीर गुदमरतं. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि त्यानंतर स्वतः उठून दार उघडण्याची शक्तीच राहत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर ॲसिडिटी समजू नका. दारं उघडा, सगळे बाहेर या, १०८ ला फोन करा.

पूर्वी सगळे ठेवायचे हे खरं, पण पूर्वीच्या न्हाणीला फटी होत्या. आता घरं बंदिस्त झाली, बंब तोच राहिला. तो ओसरीवर किंवा परड्यात पेटवा, पाणी बादलीनं आत न्या. हीच गोष्ट थंडीत खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीची. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर न्या.

बंबाची निगा सोपी आहे. पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका, मधल्या नळीचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, वितळतो आणि बंब गळायला लागतो. नळीतली काजळी आठवड्यातून एकदा काथ्यानं पुसा. कृष्णाकाठच्या विहिरींचं पाणी बरेचदा जड असतं, आत पांढरा थर बसला तर चिंचेचं पाणी रात्रभर ठेवून घासा.

गॅस गिझर बाथरूममध्येच बसवून मिळतो. घ्यावा का?

बाथरूमच्या आत बसवू नका. बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत बसवा आणि नुसतं पाणी आत आणा. आधीच आत बसवलेला असेल, तर बाहेर हलवेपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा.

आता किचनची चिमणी. सक्शन किती घ्यायचं?

खोक्यावर मोठा आकडा असतो, चिमणी तासाला किती घनमीटर हवा ओढते त्याचा. तो बहुतेक वेळा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, न जोडता मोजलेला असतो, पाइप आणि वळणं लागली की तो खाली येतो. हिशेब करून बघा. १० बाय ८ फुटांचं, १० फूट उंचीचं किचन म्हणजे ८०० घनफूट, साधारण २३ घनमीटर. तासाला पंधरा वेळा हवा बदलायची म्हटलं तरी ३४५ घनमीटर पुरतात. पण आपल्याकडे कांदा-लसूण चटणीच्या मिरच्या भाजतात, मटणाचं वाटण परततात, आणि तो ठसका एकाच वेळी उठतो. म्हणून मी १००० ते १२०० घेतलेलं बरं म्हणतो. त्यापुढचे पैसे डक्ट सरळ करण्यात घाला.

शेगडीपासून चिमणी २६ ते ३० इंच वर हवी. खाली आली तर आच लागते, वर गेली तर धूर बाजूनं निसटतो. दोन बर्नरला ६० सेंटिमीटर रुंदी चालते, तीन-चार बर्नरला ९० घ्या.

डक्ट कसा असावा?

६ इंची, शक्य तितका आखूड, आणि दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. अर्ध्यावर ४ इंचाचा जोड लावून भिंतीतल्या जुन्या भोकातून पाइप काढून देतात, ते मान्य करू नका. आवाज वाढतो, मोटर तापते, ओढ जाते. प्लॅस्टिकचा ड्रेनेजचा पाइप तर अजिबात नको, आगीत तो वितळतो. बाहेरच्या टोकाला जाळी आणि झडप असलेली टोपी लावून घ्या.

जाळी धुवायची कशी? कॉस्टिकनं लगेच निघतं म्हणतात.

आधी बटण नाही, प्लग काढा. मग तुमची जाळी कशाची आहे ते बघा. बारीक विणीची, हलकी, करडी असेल तर ती ॲल्युमिनियमची आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, बुडबुडे येतात, वायू सुटतो आणि दोन-तीन धुण्यांत जाळी चाळणी होते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच वापरा. नागमोडी पट्ट्यांची जड जाळी स्टीलची असते. ती गरम पाणी, साबण आणि मूठभर खायचा सोडा यांत अर्धा तास भिजवून घासा. रोजची फोडणी असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी हे करायला हवं. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

राजवाड्याच्या बाजूला एका घरी चिमणीतून तेल टपकतं म्हणून बोलावलं होतं. खालची तेलाची वाटी मी काढायला गेलो तर निघेना. हलकेच फिरवून सुटली, तेव्हा आत काठोकाठ तेल होतं, काकवीसारखं काळसर-तांबूस आणि तसंच तार सुटणारं. जाळीमागे बोट फिरवलं तर नखाएवढा थर निघाला. ती चिमणी बरोबर कढईच्या वर होती आणि त्या घरात रोज तळण. त्या थराला कढईची ज्वाळा लागायचाच अवकाश होता. वहिनी म्हणाल्या, "दादा, ऑटोक्लीन आहे ना, मग आम्ही हात नाही लावला."

म्हणजे ऑटोक्लीन चिमणी धुवावी लागत नाही का?

लागते. ऑटोक्लीनमध्ये आतला भाग तापवून तेल पातळ करतात आणि ते वाटीत उतरतं. वाटी तुम्हालाच रिकामी करायची असते, दर आठवड्याला डोकावून बघा. डक्ट आणि बाहेरची टोपी तर ऑटोक्लीनच्या हातातच नाही. वर्षातून एकदा डक्ट सोडवून साफ करून घ्या.

कढईनं पेट घेतला तर?

गॅस बंद. चिमणी बंद, नाहीतर ती ज्वाळा डक्टमध्ये ओढते. कढईवर मोठं सपाट झाकण किंवा परात बाजूनं सरकवून ठेवा आणि थंड होईपर्यंत उघडू नका. पाणी ओतू नका, कढई उचलून मोरीकडे धावू नका. आग जाळीत गेली असेल तर मेन स्विच पाडा, बाहेर पडा, १०१.

गॅसचा वास आला तर चिमणी लावून बाहेर काढू का?

नाही! हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर पसरतो, वर असलेली चिमणी तो नीट ओढूच शकत नाही. उलट बटणाची एक ठिणगी पुरते. कुठलंही बटण चालू करू नका, चालू असलेलं बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि तिथून १९०६ या गॅसगळतीच्या नंबरला फोन करा.

पाचगणीला जुना बंगला घेतलाय. फायरप्लेस पेटवता येईल का?

तपासल्याशिवाय नाही. आतल्या गळ्याशी लोखंडी झडप असते, ती कित्येक ठिकाणी गंजून बंद झालेली असते. विटांचे सांधे पावसानं झिजलेले असतात आणि त्या फटींतून ठिणगी लाकडी पोटमाळ्यापर्यंत जाते. जाणत्या माणसाकडून आतून बॅटरीनं बघून घ्या. महाबळेश्वरकडे पावसाळ्यात भिंतींना गवताचा आडोसा बांधतात. तो उतरवेपर्यंत फायरप्लेस बंदच ठेवा.

टोपीखाली साळुंकीनं घरटं केलंय. काढू का?

बाहेर उभं राहून थोडा वेळ ऐका. पिलांचा चिवचिवाट येत असेल तर तीन-चार आठवडे ते धुराडं किंवा ती चिमणी वापरू नका. बाजूची खिडकी उघडून स्वयंपाक करा. पिलं उडाली की घरटं काढा, पाइप झाडा आणि त्याच दिवशी टोपीला अर्ध्या इंचाची जाळी मारून घ्या. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर ती परत काड्या घेऊन येते.